साधा म्हणवणारा भूतकाळ

गेल्या हिवाळ्यात बाबा माझ्याकडे आले होते. एका रात्री त्यांच्या छातीत जळजळायला लागलं, म्हणून त्यांना घेऊन मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेले. नर्सनं विचारलं, काही औषध घेतलंय का? बाबा म्हणजे सदतीस वर्षं बँकेत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलेले गृहस्थ. माझ्याकडे न बघता त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, 'आय हॅड टेकन वन टॅब्लेट.' नर्सचे की-बोर्डवरचे हात थांबले. 'बिफोर व्हॉट?' तिनं विचारलं. कशाच्या आधी? बाबांना प्रश्नच कळला नाही. आधी म्हणजे? गोळी घेतली होती, एवढंच. मग तिनं माझ्याकडे वळून, जरा हळू आणि जरा मोठ्यानं, लहान मुलांशी बोलतात तसं सगळं पुन्हा विचारलं. पुढचा तासभर बाबा काही बोलले नाहीत.

दुखणं ॲसिडिटीचं निघालं. पहाटे गाडीतून परत येताना ते एवढंच म्हणाले, 'माझं काय चुकलं गं?'

मी भाषांच्या इतिहासावर संशोधन करते. उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं: 'हॅड' काढा, 'टुक' म्हणा. मी तेच सांगितलं. पण ते सांगताना मला बरं वाटत नव्हतं, कारण उत्तर बरोबर असलं तरी अर्धवट होतं. बाबांनी वापरलेल्या त्या 'हॅड'मध्ये काहीतरी अर्थ होता. तो फक्त इंग्रजीत पोहोचला नाही. तुमच्याही घरात असं होत असेल. आई फोनवर कुणाला तरी 'आय हॅड गॉन टु द टेंपल यस्टरडे' म्हणते आणि मागून दहा वर्षांचा नातू ओरडतो, 'आजी, इट्स वेंट!' म्हणून त्या पहाटेच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर इथे लिहिते आहे.

आधी नावाबद्दल. 'सिंपल पास्ट'मधल्या 'सिंपल'चा अर्थ सोपा असा नाही. तिथे 'सिंपल' म्हणजे एकटा, मदतनीस न घेता एकाच शब्दात होणारा. 'वॉज गोइंग', 'हॅज गॉन', 'हॅड गॉन' यांना सोबत लागते. 'वेंट' एकट्यानं जातो. मराठीत आपण त्याला 'साधा भूतकाळ' म्हणतो आणि मग तो सोपा असेल अशी समजूत होते. तो सोपा मुळीच नाही. त्याच्या पोटात कित्येक हजार वर्षांची अडगळ आहे, आणि त्या अडगळीत आपल्याही घरच्या काही वस्तू आहेत.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर जरा आठवा. 'तो गेला' याला लिट् लकारात 'जगाम', आणि 'ते गेले' याला 'जग्मुः'. एकवचनात धातूतला स्वर भरदार, अनेकवचनात तो गळून जातो. आता हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'गाणे' या क्रियापदाचा भूतकाळ बघा: 'मी गायलो' याला 'सांग', आणि 'आम्ही गायलो' याला 'सुंगोन'. इथेही एकवचनाचा स्वर वेगळा, अनेकवचनाचा वेगळा. हा योगायोग नाही. संस्कृतचा लिट् आणि इंग्रजीचा हा जुना भूतकाळ एकाच मूळ रूपाचे वंशज आहेत. 'सिंग-सँग-संग', 'ड्रिंक-ड्रँक-ड्रंक' अशी जी पाठ करून करून तोंड दुखतं ती यादी म्हणजे आपल्या लिट्ची दूरची भावंडं. क्रियापदाला शेपूट जोडायचं नाही, पोटातला स्वर बदलायचा, ही ती जुनी पद्धत.

पुढे इंग्रजीनं एकवचन आणि अनेकवचन यांतला हा फरक टाकून दिला. 'आय सँग' आणि 'वी सँग' एकच झालं. फक्त एका क्रियापदात तो टिकला: 'आय वॉज', पण 'वी वेअर'. या 'वॉज'चं मूळ काय असावं? संस्कृतातला 'वस्' धातू, म्हणजे राहणे, वसणे, हा त्याचा सख्खा भाऊ. त्या मूळ धातूचा अर्थ राहणे, मुक्काम करणे असा होता. आपल्याकडे रात्री गावात मुक्काम करून पहाटे परत निघणाऱ्या एस्टीला 'वस्तीची गाडी' म्हणतात. तीच ही वस्ती. 'आय वॉज देअर' म्हणजे मुळात 'मी तिथे वस्तीला होते'.

मग एकीकडे 'स'सारखा आवाज आणि दुसरीकडे 'र' का? हे कोडं डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नर यानं १८७० च्या दशकात सोडवलं, आणि त्यासाठी त्याला वैदिक संस्कृतातले स्वराघात उपयोगी पडले. 'वस्'चं लिट् रूप एकवचनात 'उवास', अनेकवचनात 'ऊषुः'. एकवचनात आघात धातूवर येतो, अनेकवचनात शेवटच्या प्रत्ययावर. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत आघात पुढे सरकला की आधीचा 'स' मऊ होऊन 'झ' व्हायचा आणि पुढे त्याचा 'र' झाला. आघात नंतर सगळीकडे शब्दाच्या सुरुवातीला आला, पण 'र' मागे राहिला. म्हणजे 'यू वॉज' नको, 'यू वेअर' म्हण, असं आपण मुलांना सांगतो तेव्हा वेदपाठात अजून ऐकू येणाऱ्या एका चढउताराचा ठसा आपण जपत असतो. इंग्रजीतल्या या वेड्यावाकड्या रूपाचा खुलासा संस्कृतातून निघाला, हे बाबांना सांगितलं तेव्हा ते त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

स्वर बदलण्याची पद्धत देखणी होती, पण तिला एक मर्यादा होती: नवीन क्रियापद आलं तर त्याचा स्वर कसा बदलायचा? म्हणून इंग्रजीच्या पूर्वजांनी एक सोपी युक्ती काढली. शेवटी 'द' किंवा 'त' जोडायचा. तोच आजचा '-एड'. हा प्रत्यय आला कुठून याबद्दल बहुतेक अभ्यासकांचं मत असं, की तो 'डू'च्या भूतकाळाचा, म्हणजे 'डिड'चा, झिजलेला अवशेष आहे. 'लव्ह्ड' म्हणजे जणू 'लव्ह-डिड', प्रेम केलं. आणि हा 'डू' म्हणजे संस्कृतातला 'धा', ठेवणे. आपणही नवीन क्रियापद आलं की नेमकं हेच करतो. 'फोन केला', 'डिलीट केलं', 'पार्क केली'. परकं क्रियापद घरात घ्यायचं आणि त्याला 'करणे'चा हात धरायला द्यायचा.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या तीनचारशे वर्षांत फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. त्यातली जवळजवळ सगळी क्रियापदं '-एड'च्या दारानं आत शिरली. जुनी स्वर बदलणारी क्रियापदंही हळूहळू तिकडे वळू लागली. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, तो 'हेल्प्ड' झाला. 'क्लाइंब'चा 'क्लोम' होता, तो 'क्लाइंब्ड' झाला. हा '-एड' तेव्हा पुष्कळदा स्वतंत्र अक्षर म्हणून उच्चारला जायचा. 'ब्लेसेड', 'लर्नेड' अशा विशेषणांत तो उच्चार अजून ऐकू येतो. पुढे लोक तो 'ए' गिळायला लागले, तेव्हा त्या काळच्या शुद्धभाषावाद्यांना धक्काच बसला. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्ट यानं १७१२ मध्ये इंग्रजी सुधारण्याचा एक प्रस्तावच प्रसिद्ध केला आणि त्यात '-एड'मधला स्वर खाऊन व्यंजनं एकमेकांवर आदळणाऱ्या उच्चारांवर टीका केली. स्विफ्टला जे कानाला कर्कश वाटत होतं, ते आज जगातलं प्रत्येक पोर शुद्ध इंग्रजी म्हणून शिकतं. चूक कुणी ठरवायची आणि ती किती दिवस चूक राहते, याचं एवढं चांगलं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

प्रवास नेहमी एकाच दिशेनं झाला असंही नाही. 'वेअर', म्हणजे अंगावर घालणे, याला आधी '-एड' जातीचा प्रत्यय होता. 'बेअर-बोअर'चं बघून तो 'वोअर' झाला. 'डिग'चा आधी 'डिग्ड' होता, नंतर 'डग' झाला. 'कॅच' तर फ्रेंचांकडून आलेला पाहुणा, त्यानं 'कॉट' असं खास घरचं वेडंवाकडं रूप उचललं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी 'स्नीक्ड'ऐवजी 'स्नक' आणि 'डाइव्ह्ड'ऐवजी 'डोव्ह' ऐकलं असेल. ही रूपं फार जुनी नाहीत. लंडनचा मामेभाऊ त्याला हसतो, न्यू जर्सीची बहीण त्याच्या 'लर्न्ट'ला हसते. दोघांनाही आपण बरोबर असल्याची खात्री असते.

हा सगळा बदल मोजताही येतो. २००७ मध्ये हार्वर्डच्या काही संशोधकांनी 'नेचर'मध्ये त्याचा हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यातली १४५ अनियमित राहिली, आजच्या इंग्रजीत ९८. कुठली टिकली? जी रोज तोंडात असतात ती. क्रियापद शंभरपट कमी वापरलं जात असेल तर ते दहापट वेगानं नियमित होतं, असं त्यांना आढळलं. याचं कारण सरळ आहे. रोज कानावर पडणारं रूप मूल जसंच्या तसं उचलतं. क्वचित ऐकू येणारं रूप आठवत नाही, मग नियम लावला जातो. म्हणूनच 'बी, हॅव, डू, गो, से, सी, टेक' ही इंग्रजीतली सगळ्यात वापरातली क्रियापदं सगळीच्या सगळी अनियमित आहेत.

आता आपल्या घरात डोकावून बघा. करणे, जाणे, येणे, होणे, देणे, घेणे, खाणे, पिणे. यांचे भूतकाळ: केला, गेला, आला, झाला, दिला, घेतला, खाल्ला, प्यायला. 'बसला, उठला, हसला' यांच्यासारखा सरळ नियम इथे लागत नाही. 'केला' आला 'कृत'वरून, 'गेला' 'गत'वरून, 'मेला' 'मृत'वरून. मराठीतही वापरानं गुळगुळीत झालेली क्रियापदंच वेडीवाकडी राहिली आहेत.

त्यातली एक जोडी तर विलक्षण आहे. इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'वेंट' का? कारण 'वेंट' मुळात 'गो'चा नाहीच. 'वेंड' म्हणजे वळणे, वाट धरणे, या वेगळ्याच क्रियापदाचा तो भूतकाळ. 'गो'चं स्वतःचं जुनं भूतकाळी रूप मागे पडलं आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास 'वेंट'नं ती जागा पक्की केली. आता मराठीत 'जाणे'चा भूतकाळ 'गेला' का? कारण 'जा' आला संस्कृतच्या 'या' धातूवरून, आणि 'गेला' आला 'गम्'वरून. दोन वेगळ्या क्रियापदांचा संसार. इंग्रजी आणि मराठी एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या.

माझा भाचा इथेच वाढतोय. चार वर्षांचा असताना तो 'आय गोड टु स्कूल' म्हणायचा. आमच्या कानांना ते गोडच लागायचं. मराठीत तोच मुलगा 'मी करलं' म्हणायचा. दोन्ही भाषांत तो चुकत नव्हता, नियम शोधत होता. १९५८ मध्ये जीन बर्को या संशोधिकेनं मुलांना मुद्दाम बनवलेली क्रियापदं दिली. 'ग्लिंग' हे त्यातलं एक. मुलं बेधडक 'ग्लिंग्ड' म्हणाली. मोठी माणसं मात्र अडखळून 'ग्लँग'सारखी रूपं देत होती. मुलांकडे नियम होता, मोठ्यांकडे नियमही होता आणि जुन्या घरातल्या आठवणीही. तुमच्यापैकी जे संगणकाच्या क्षेत्रात आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट: १९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी संगणकातल्या कृत्रिम जाळ्याला इंग्रजी क्रियापदांचे भूतकाळ शिकवून दाखवले, आणि दोनच वर्षांनी पिंकर आणि प्रिन्स यांनी त्यावर कडक टीका केली. यंत्र नियमाशिवाय, नुसत्या सवयीनं भाषा शिकू शकतं का, हा आजचा वाद तेव्हा या 'साध्या' भूतकाळावरूनच पेटला होता.

आपली आणखी एक प्रसिद्ध चूक म्हणजे 'डिड यू वेंट?' तिचाही इतिहास आहे. इंग्रजीत पूर्वी प्रश्न विचारायला 'डिड' लागत नव्हता. क्रियापद उचलून पुढे ठेवलं की प्रश्न व्हायचा. पंधराव्या ते सतराव्या शतकात 'डू' आणि 'डिड' हळूहळू प्रश्नात आणि नकारात घुसले आणि मग अनिवार्य झाले. 'डिड' आला की भूतकाळाचं ओझं तो उचलतो, क्रियापद मोकळं होतं. 'डिड यू वॉक्ड' म्हणणं का नको हे मुलांना पटवायचं असेल तर सांगा, की '-एड'मध्येच बहुधा एक 'डिड' लपलेला आहे. तू दोनदा 'डिड' म्हणतोयस.

आता बाबांच्या 'हॅड'कडे वळते. त्यासाठी मराठी भूतकाळ कसा घडला ते थोडं बघावं लागेल.

पाणिनीच्या संस्कृतात भूतकाळ तीन. साधारण भूतकाळाला लुङ्. आजच्या दिवसाच्या आधी घडलं असेल तर लङ्. आजच्या आधी घडलं आणि बोलणाऱ्यानं पाहिलेलं नसेल तर लिट्. प्राकृतांमध्ये ही सगळी रूपं जवळजवळ नाहीशी झाली. त्यांच्या जागी आलं 'क्त' प्रत्यय लागलेलं विशेषण. 'त्यानं केलं' म्हणायचं तर 'तेन कृतम्', त्याच्याकडून केलं गेलेलं. पुढे त्याला 'ल' चिकटला आणि आपला भूतकाळ तयार झाला. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव वाक्यांपैकी एक आहे: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. चावुंडराजानं करवलं. करणारा तृतीयेत आणि शेवटी 'ल'. मराठीनं दगडावर कोरलेलं हे प्रसिद्ध वाक्य साध्या भूतकाळातलं आहे.

आपला भूतकाळ मुळात विशेषण असल्यामुळे तो विशेषणासारखा वागतो. 'मी आंबा खाल्ला', पण 'मी पोळी खाल्ली'. खाणारी मी एकच, पण क्रियापद जेवणाच्या ताटाकडे बघतं. आणि 'मी इमर्जन्सीत गेले' हे वाचताच लिहिणारी बाई आहे हे तुम्हाला कळलं. ते क्रियापदानं सांगितलं. इंग्रजीचा 'वेंट' बाई की पुरुष, एक की अनेक, काही सांगत नाही. आपला भूतकाळ बोलका, त्यांचा मितभाषी.

आणि आपण विशेषणाला 'आहे' आणि 'होता' जोडून आणखी अर्थ भरतो. या तीन वाक्यांकडे बघा. 'काका आले.' 'काका आलेत.' 'काका आले होते.' पहिल्यात बातमी आहे. दुसऱ्यात काका अजून घरात आहेत, चहा टाका. तिसऱ्यात काका येऊन गेले. हा लेख मी 'बाबा माझ्याकडे आले होते' असा सुरू केला, आणि ते आता परत गेले आहेत हे तुम्हाला न सांगता कळलं. मराठीतला 'होता' हा 'आणखी कशाच्या तरी आधी' असं म्हणेलच असं नाही. तो पुष्कळदा एवढंच सांगतो, की घडलं ते घडून संपलं, त्याचा परिणाम आता उरलेला नाही.

बाबांचं वाक्य आता मराठीत ऐका. 'एक गोळी घेतली होती.' म्हणजे घेतली, पण तिचा उपयोग झाला नाही, अजून जळजळतंय. नर्सला नेमकी हीच माहिती हवी होती! बाबांनी ती दिली. पण ज्या पेटीत भरून दिली, त्या पेटीवर इंग्रजीत वेगळं लेबल होतं.

ही लेबलं आपल्याला शाळेत मिळाली. विल्यम केरीनं १८०५ मध्ये श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण इंग्रजीत छापलं, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं, आणि तेव्हापासून आपण या दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून शिकत आलो. कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि तशाच पुस्तकांवर इंग्रजी शिकल्या. शाळेच्या व्याकरणात 'गेला होता' हा पूर्ण भूतकाळ, आणि 'हॅड गॉन' हाही पूर्ण भूतकाळ. नाव एक, म्हणून काम एक, असं आपण धरून चाललो. प्रत्यक्षात कामं वेगळी आहेत. इंग्रजीचा 'हॅड' हा दोन भूतकाळी घटनांतली आधीची कुठली ते सांगतो. दुसरी घटना नसेल तर ऐकणारा तिची वाट बघत बसतो. 'बिफोर व्हॉट?' हा नर्सचा प्रश्न उद्धट नव्हता. व्याकरणानंच तिला तो विचारायला लावला होता.

दुसरी चूक, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे', हिचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 'हॅव' जोडून होणारा हा काळ मुळात 'माझ्याकडे लिहिलेलं पत्र आहे' अशा वाक्यातून निघाला. जुन्या इंग्रजीत ते 'लिहिलेलं' आपल्या मराठीसारखं कधीकधी पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे बदलायचंही. शेक्सपिअरच्या काळात आणि त्यानंतरही या रूपासोबत 'काल'सारखे शब्द अधूनमधून सापडतात. नंतर इंग्रजीनं कुंपण घातलं: वेळ सांगितली की साधा भूतकाळ, वेळ मोघम आणि परिणाम आत्ताचा असेल तर 'हॅव'. शेजारच्या फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये उलट झालं. बोलण्यात 'हॅव'च्या जातीच्या रूपानं साध्या भूतकाळाची जागा घेतली. पॅरिसमध्ये 'काल मी त्याला पाहिलं' असंच म्हणतात, आणि ते शुद्ध असतं. इंग्रजीतही कुंपण सगळीकडे सारखं नाही. लंडनमध्ये 'हॅव यू ईटन यट?' विचारतील, अमेरिकेत 'डिड यू ईट यट?' सहज चालतं. ब्रिटनहून अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला हे दोनदा शिकावं लागतं.

साध्या भूतकाळाचं आणखी एक काम आपल्याला चांगलं ओळखीचं आहे. 'आय वाँटेड टु आस्क यू समथिंग.' विचारायचं आत्ता आहे, पण क्रियापद भूतकाळात, कारण थोडं दूर उभं राहून बोललं की नम्र वाटतं. आपण काय म्हणतो? 'जरा विचारायचं होतं.' तोच संकोच, तीच रीत. आणि भूतकाळ पुढे ढकलण्यात तर आपण इंग्रजीच्या वरताण. स्वयंपाकघरातून 'आले, आले!' अशी हाक येते तेव्हा कुणीच आलेलं नसतं. इथे वाढलेल्या मुलांना हे समजावताना माझी त्रेधा उडते.

मग करायचं काय? बाबांना मी शेवटी तीन गोष्टी सांगितल्या, त्याच तुम्हालाही सांगते. कधी घडलं ते सांगणार असाल, किंवा समोरच्यानं 'कधी' विचारलं असेल, तर साधा भूतकाळ: 'आय टुक वन ॲट नाइन.' 'हॅड' वापरायचा असेल तर दुसरी घटना त्याच वाक्यात किंवा शेजारी असू द्या: 'आय हॅड टेकन वन बिफोर द पेन स्टार्टेड.' आणि मराठीतला 'होता' सांगत असलेला अर्थ इंग्रजीच्या क्रियापदात मावत नाही, तो वेगळ्या शब्दांत सांगा: 'आय टुक वन, इट डिडंट हेल्प.' डॉक्टर, पोलीस, व्हिसाचा अधिकारी यांच्यासमोर हे तिसरं वाक्य फार महत्त्वाचं. तिथे काळ चुकला तर फक्त व्याकरण चुकत नाही, घटनांचा क्रमच बदलतो, आणि तुमच्या जबानीवरचा विश्वास डळमळू शकतो.

हे शिकायलाच हवं, यात दुमत नाही. माझ्या पहिल्या शोधनिबंधावर एका परीक्षकानं शेरा मारला होता, की भाषा मूळ इंग्रजी भाषकाकडून तपासून घ्यावी. मजकुराबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मी निबंध पुन्हा वाचला, तर अकरा ठिकाणी नको तिथे 'हॅड' होता. बाबांचाच 'हॅड', वारशानं आलेला. मी ते सगळे काढले. पण तेव्हा मला वाटलेली लाज अनाठायी होती, हे समजायला पुढची काही वर्षं गेली. तो अज्ञानाचा पुरावा नव्हता. आपल्या भाषेत जो फरक आपण रोज बारकाईनं करतो, तो परक्या भाषेतही सांगण्याची ती धडपड होती.

म्हणून तुमच्या घरातल्या दहा वर्षांच्या परीक्षकानं आजीला पुढच्या वेळी अडवलं, तर त्याला रागावू नका. त्याचं बरोबरच आहे. फक्त त्याला आजीजवळ बसवा आणि विचारू द्या, की 'काका आले' आणि 'काका आले होते' यांत फरक काय. इंग्रजी शिकवायचा मान त्याचा, हे शिकवायचा मान आजीचा.

बाबांचा परवा फोन आला होता. शेजारच्या मुलाला इंग्रजी शिकवायला घेतलंय म्हणाले. पहिल्या दिवशी काय शिकवलं, मी विचारलं. म्हणाले, 'वॉज आणि वेअर. वस्तीच्या गाडीपासून सुरुवात केली.'